मुलीच्या कॉलेज एसेवरून घरात अबोला, काय करू?

बाराखडी:

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही २०१२ ला न्यू जर्सीत आलो, नवरा एच-१बी वर म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मी आणि मुलगी एच-४, त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचा व्हिसा. ती तेव्हा चार वर्षांची होती. धाकटा इथे २०१४ ला झाला म्हणजे तो सिटिझन. नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीनकार्डसाठी कंपनीने करायचा अर्ज, कधीच अप्रूव्ह झालंय पण प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली आमची तारीख, २०१५ ची आणि ईबी-२ इंडिया, म्हणजे आमची रांग, अजून त्याच्या मागेच रांगतेय, तर हिशेब तुम्हाला कळला असेलच. मुलगी आता बारावीत आहे, २०२९ मध्ये एकवीस पूर्ण होतील आणि ती आमच्या फाइलमधून बाहेर पडेल. हे तिला माहितीय, आजचं नाही. मैत्रिणी सोळाव्या वर्षापासून आइसक्रीमच्या दुकानात उभ्या राहून कमावतात, हिला ते करता येत नाही, सोशल सिक्युरिटी नंबर नाही, टॅक्ससाठी नुसता आयटीआयएन. लायसन्सही आमच्या व्हिसाच्या तारखेपर्यंतच. शाळेत कोणी विचारलं तर म्हणते मला उन्हाळ्यात काम करायला आवडत नाही.

तर आता कॉलेजचे अर्ज चालू आहेत. कॉमन ॲपचा, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जाचा, तो ६५० शब्दांचा एसे असतो ना, तो तिने लिहिला एकाच घरातल्या दोन पासपोर्टांवर. भावाचा निळा अमेरिकन, तिचा आपला भारतीय. चांगला लिहिलाय हो, आई म्हणून नाही सांगत, तिच्या इंग्लिशच्या सरांनी पण सांगितलं. पण त्यात एक वाक्य आहे, इंग्रजीत आहे, अर्थ असा की माझ्या बाबांनी एक डाव मांडला, आणि पणाला मी लागले होते.

नवऱ्याने ते वाचलं, लॅपटॉप बंद केला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसला. नंतर म्हणाला हे पाठवायचं नाही, रोबोटिक्सवर लिही, कथकवर लिही, घरातलं चव्हाट्यावर का मांडायचं. आणि वर त्याला भीती, की इमिग्रेशनबद्दल असं लिहिलेलं कुठेतरी रेकॉर्डला राहील आणि उद्या ग्रीनकार्डच्या इंटरव्ह्यूत काढतील. ती म्हणाली तुमच्या फाइलमध्ये मी तशीही नसणारे. त्यावर तो जे बोलला ते इथे लिहीत नाही, "हे सगळं कोणासाठी केलं" या जातीचं होतं, सगळ्या घरांत असतंच ते.

त्यात भर म्हणजे सासूबाई सध्या आलेल्या आहेत सहा महिन्यांसाठी. त्यांचा तोडगा तयार, इथलाच सिटिझन मुलगा बघून लग्न लावून टाका. सतरा वर्षांच्या मुलीसमोर! आणि परवा जेवताना धाकटा अगदी मनापासून म्हणाला की डोन्ट वरी ताई, मी एकवीसचा झालो की तुला स्पॉन्सर करीन. ती ताट सोडून उठली. तो बिचारा रडवेला, त्याला कळेना आपण काय वाईट बोललो.

अर्ली ॲक्शनची, म्हणजे लवकर अर्ज करणाऱ्यांची, डेडलाइन १ नोव्हेंबर आहे. मी मधल्यामध्ये. तिला एसे बदलायला सांगू की नवऱ्याला समजावू? आणि त्याच्या भीतीत तथ्य आहे का हेही कोणी सांगा.

---

टोपणनाव_सुचेना:

आधी भीतीचं बघू. कॉलेजचा एसे ॲडमिशन ऑफिसमध्ये वाचला जातो, तो यूएससीआयएसकडे म्हणजे इमिग्रेशन खात्याकडे जात नाही. आणि तिने लिहिलंय काय, की आम्ही कायदेशीर आलो, कायदेशीर राहिलो आणि तरी मला जावं लागेल. यात लपवण्यासारखं काय आहे? तुमची फाइल याने अडणार नाही, ती ऑलरेडी अडलेलीच आहे.

आता खरी कामं, कारण एसेच्या भांडणात ही राहून जातात.

एकवीसच्या आत तिला एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जावं लागेल. कॉलेजकडून आय-२० (प्रवेशाचा दाखला) घेऊन आय-५३९ (स्टेटस बदलायचा फॉर्म) भरायचा, आणि तो वाढदिवसाच्या आधी पोचलेला हवा. एच-४ वर ती शिकू शकते पण कॅम्पसवरची नोकरी नाही, इंटर्नशिपचे पैसे नाहीत. त्यामुळे बरेच जण पहिल्या-दुसऱ्या वर्षातच बदलून घेतात. एफ-१ ला सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम चालतं, पुढे ओपीटी, म्हणजे शिकल्यावर नोकरीची परवानगी, एक वर्ष, स्टेम म्हणजे सायन्स-इंजिनियरिंग-गणित असेल तर अजून दोन.

फॅफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, विसरा, एच-४ ला फेडरल एड नाही. इन-स्टेट फीचं, म्हणजे त्या राज्याच्या रहिवाशांना असलेल्या कमी फीचं, राज्याराज्यात आणि कॉलेजाकॉलेजात वेगळं आहे, रेसिडेन्सी ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, आणि एफ-१ झाल्यावर काय होईल तेही त्याच ईमेलमध्ये विचारा, लोक हे विचारत नाहीत आणि मग तिसऱ्या वर्षी फी दुप्पट-तिप्पट होते. खाजगी कॉलेजं तिला इंटरनॅशनल धरतात. पैशाची गरज आहे हे न बघता इंटरनॅशनल मुलांना घेणारी फार थोडी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट वगैरे, आणि तिथे शिरणं किती सोपं ते सांगायला नको.

धाकट्याचं: तो एकवीसचा झाला की तुम्हा दोघांना करू शकतो, आईवडिलांना कोटा नाही. बहिणीला करायचं तर एफ-४, म्हणजे भावंडांची कॅटेगरी, भारतासाठी तिथे दोन दशकांच्या आसपास रांग आहे. त्याला सांगू नका आत्ता.

आणि सासूबाईंना एक सांगा. समजा तुमचं ग्रीनकार्ड तिच्या एकविशीनंतर आलं, तर तुम्ही तिला एफ-२बी मध्ये टाकू शकता, पण ती कॅटेगरी फक्त अविवाहित मुलांची. लग्न झालं की, कोणाशीही, तुमच्याकडून येणारी ती वाट बंद.

---

काका_ओहायो:

मी १९७४ साली आलो. खिशात आठ डॉलर. आमची मुलं इथे वाढली, इथेच शिकली, आईवडिलांविरुद्ध निबंध लिहिण्याची कोणाची टाप नव्हती. तुम्ही लोक मुलांना फार विचारता. बाप चौदा वर्षं राबतोय, छप्पर दिलं, नाच शिकवला, गाडी शिकवली आणि मुलगी जगाला सांगते मला पणाला लावलं. कृतज्ञता म्हणून काही असते की नाही? वडील म्हणतात ते बरोबर आहे. रोबोटिक्सवर लिहावं.

---

टोपणनाव_सुचेना:

काका, तुमचे आठ डॉलर आम्ही दर गणपतीत ऐकतो आणि दर वेळी कौतुकच वाटतं, खरंच. पण तुम्हाला ग्रीनकार्ड किती दिवसांत मिळालं तेही सांगा ना.

---

काका_ओहायो:

दीड वर्ष लागलं असेल. मग?

---

टोपणनाव_सुचेना:

मग हेच. १९६५ च्या कायद्याने दार उघडलं तेव्हा भारतातून येणारे मोजके होते, डॉक्टर इंजिनियर पटापट आत गेले. आता नोकरीवरची ग्रीनकार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, देश भारत असो नाहीतर आइसलँड. तुमची मुलं इथे जन्मली म्हणून कृतज्ञ असतील नसतील, पण त्यांना एकविसाव्या वाढदिवसाला बॅग भरायची वेळ कधी आली नाही. तुलनाच होत नाही.

---

निळी_छत्री:

लेखात जी मुलगी आहे ती मीच आहे असं वाटत होतं वाचताना. माझं वय आता सव्वीस, पाच वर्षांची असताना आले, एकवीसला एच-४ वरून बाहेर. मराठी लिहायला मला वेळ लागतो, रविवारच्या शाळेची कृपा, चुका असतील.

ताई, मला दोन-तीन गोष्टी सांगायच्यात पण त्या एकमेकींशी जुळतीलच असं नाही.

एफ-१ करताना घरचा परदेशातला कायमचा पत्ता द्यावा लागतो, आणि शिकून परत जाणार आहे हेही सांगावं लागतं. मी पत्ता दिला कोल्हापूरच्या आजीच्या फ्लॅटचा. आजी गेल्यावर तो फ्लॅट काकाने विकला. तरी माझ्या कागदांवर बरेच दिवस मी तिथलीच रहिवासी होते. कोणाचं तरी दुसऱ्याचं कुटुंब राहतं तिथे आता. मी त्यावर खूप हसते पण बाबांना हसू येत नाही.

माझाही धाकटा भाऊ सिटिझन. आमच्यात भांडण व्हायचं ते कधीच पासपोर्टवरून व्हायचं नाही, कारची चावी, बाथरूम, असल्यावरून व्हायचं, पण खाली तेच असायचं. तो परदेशी मित्रांबरोबर स्प्रिंग ब्रेकला गेला तेव्हा मी त्याच्याशी महिनाभर नीट बोलले नाही. बाहेर गेले असते तर मला परत यायला वकिलातीत व्हिसा स्टँपिंग लागलं असतं आणि त्या खिडकीत त्यांना पटलं नसतं तर संपलं. तुमच्या धाकट्याला प्लीज कोणी "तुझ्यामुळे" किंवा "तू नशीबवान" असं म्हणू देऊ नका, आजी म्हणतात, माझी म्हणायची. तो पण मग माझ्यासमोर वाढदिवसाचा केक कापायला लाजायचा.

आता बाबांचं. मला पण वाटायचं की त्यांनी जुगार खेळला. मग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सुट्टीत घरी आले होते आणि टॅक्सचे कागद स्कॅन करत होते तेव्हा बघितलं की इतकी वर्षं त्यांचा हुद्दा तोच आहे. एकच. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं त्यांची मॅनेजर झाली होती. कारण नोकरी किंवा काम बदललं की नवीन कंपनीने पर्म, म्हणजे कामगार खात्याची मंजुरी, पहिल्यापासून करायचं, परत आय-१४०, डेट राहते पण मधे काही फिसकटलं तर? म्हणून हललेच नाहीत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तर नाहीच. मला राग आला, खरं सांगू तर त्यांच्यावरच आला, की हे आता मी कुठे ठेवू.

एसे पाठवू दे तिला. मी माझा टेनिसवर लिहिला होता. मला टेनिस आवडतही नाही.

---

बाराखडी:

निळी_छत्री, तुझं वाचून नुसती बसून राहिले. नवऱ्याचंही अगदी तसंच आहे, जागचा हललेला नाही. मधे एक फार चांगली ऑफर आली होती सिएटलची, सोडली. तिला हे सांगावं का असं आता वाटतंय.

आणि अजून एक, आय-१४० च्या वेळी जादा पैसे भरून प्रीमियम, म्हणजे लवकर निकाल, केलं होतं, पंधरा दिवसांत अप्रूव्हल, पेढे वाटले होते आम्ही. ते उपयोगाला येईल का वयाच्या हिशेबात?

---

टोपणनाव_सुचेना:

उलट. सांगायला नको वाटतंय. सीएसपीए म्हणून २००२ चा कायदा आहे, त्यात मुलाचं वय धरताना नंबर लागतो त्या दिवशीच्या वयातून आय-१४० जितके दिवस पेंडिंग होतं तेवढे दिवस वजा करतात. ज्यांचं रखडलं त्यांच्या मुलांना वर्ष-सहा महिने मिळाले. ज्यांनी प्रीमियम केलं त्यांना ते पंधरा-वीस दिवस. कोणालाच तेव्हा हे डोक्यात नसतं, वकीलही बोलत नाहीत. त्यात आणि १५ ऑगस्ट २०२५ पासून वय मोजायला परत फायनल ॲक्शन डेटचा, म्हणजे ग्रीनकार्ड प्रत्यक्ष मिळू शकण्याच्या तारखांचा, चार्ट धरतात, २०२३ मध्ये जी सूट दिली होती, डेट्स फॉर फायलिंगची, म्हणजे नुसता अर्ज भरता येण्याच्या तारखेची, ती गेली. हे नवऱ्याला सांगू नका, उगाच.

---

सांजवात:

मी पुण्यात असते, मुलगा टेक्सासला. तुमच्या व्हिसाचे आकडे मला समजत नाहीत पण ते वाक्य समजलं.

पणाला लागलेल्या बाईने भर सभेत प्रश्न विचारला होता आणि तिथे बसलेल्या एकाही वडीलधाऱ्याकडे उत्तर नव्हतं, भीष्मसुद्धा धर्म सूक्ष्म आहे म्हणून मोकळे झाले. पोरीला ही गोष्ट माहीत असेल तर तिने ते वाक्य जाणून लिहिलंय, माहीत नसेल तर जास्तच कमाल आहे. ते खोडायला सांगू नका.

पण बाराखडी, तुमच्या नवऱ्याचाही विचार करा जरा. आमचा मुलगा गेला तेव्हा ह्यांनी सहा महिने फोनवर फक्त "हवामान कसं आहे" एवढंच विचारलं. तेव्हा मुलगा म्हणायचा बाबा, तुमच्यासाठीच चाललोय, दोन वर्षांत येतो. आता त्याच्या पोरांना तो म्हणतो तुमच्यासाठी आलो. कोणासाठी म्हणून कोणी जात नाही हो. जायचं असतं म्हणून जातो माणूस, आणि त्यात काही वाईट नाही, फक्त मग बिल दुसऱ्याच्या नावावर फाडू नये. सिएटलची ऑफर तिला सांगायची तर सांगा, पण "बघ तुझ्यासाठी" असं शेपूट लावून नको. नुसतं झालं ते सांगा.

सासूबाईंच्या लग्नाच्या सूचनेवर मी त्यांच्या वयाची असूनही हात जोडते.

---

परतलेला_बाप:

आम्ही हाच हिशेब करून २०१९ ला परत आलो, मुलगा तेव्हा पंधराचा. सगळे म्हणाले शहाणपणा केलात. तो इथे दोन वर्षं वर्गात "अमेरिकन" होता आणि तिथल्या मित्रांच्या ग्रुपवर रात्री दोनला जागा असायचा. आता ठीक आहे. बरा म्हणू. पण त्याच्याही एसेत बाप असाच आला असता, फक्त डाव वेगळा. त्यामुळे कुठला निर्णय घेतला असता तर मुलगी खूश असती हा विचार नवऱ्याने सोडून द्यावा.

कॅनडाचा विचार केला का? २०२३ च्या जुलैत त्यांनी एच-१बी वाल्यांसाठी १०,००० वर्क परमिट काढली होती, दोन दिवसांत संपली, यावरून किती घरांत हे चाललंय ते बघा.

---

काका_ओहायो:

मी वरचं सगळं वाचलं. सात टक्क्यांचं मला माहीत नव्हतं. आमच्या मंडळात नवीन लोक येतात, दोन वर्षं दिसतात आणि मग दिसत नाहीत, आम्हाला वाटायचं मिसळत नाहीत. निबंधाबद्दल माझं मत तेच आहे, वडिलांबद्दल असं लिहू नये. पण मुलीला फीसाठी काही लागलं तर आमच्या इथे मंडळाची छोटी शिष्यवृत्ती आहे, सिटिझनच पाहिजे असा नियम नाही. तुमच्या जर्सीतल्या मंडळांनाही विचारा, बहुतेक लोक विचारतच नाहीत.

---

बाराखडी:

सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देत बसत नाही, वेळ कमी आहे.

काय झालं ते सांगते. सिएटलचं मी नाही सांगितलं, नवऱ्यालाच म्हटलं तू सांग. तो म्हणाला त्यात सांगण्यासारखं काय आहे. मग रात्री तो तिला ड्रायव्हिंगची प्रॅक्टिस द्यायला घेऊन गेला, परत आले तेव्हा दोघांचीही तोंडं फुगलेली, काय बोलले मला दोघांनीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने एसेत एक परिच्छेद घातला, बाबांच्या ऑफिसच्या खुर्चीवरचा, शब्द जास्त झाले म्हणून सुरुवातीचं काहीतरी उडवलं. पणाचं वाक्य तसंच आहे. नवऱ्याने तो वाचलेला नाही, वाचणार नाही म्हणतो. पाठवायला मात्र नाही म्हणत नाही आता. सासूबाई विचारतात निबंधात मी आहे का.

धाकट्याशी ती बोलते परत. त्याने तिला विचारलं म्हणे की तू गेलीस तर तुझी खोली मला का, आणि ती म्हणाली स्वप्नात. हे चांगलं लक्षण धरायचं की नाही मला कळत नाही पण घरात आवाज आहे.

आता माझा प्रश्न: आय-५३९ साठी नवऱ्याच्या कंपनीचाच वकील चालेल ना? त्यांच्याकडे आमचे सगळे कागद आहेतच, आणि नवरा म्हणतो वेगळा खर्च कशाला.

---

टोपणनाव_सुचेना:

कागद असले तरी तो वकील कंपनीचा. त्याचं गिऱ्हाईक कंपनी आहे, उद्या कंपनीचं हित एक आणि मुलीचं दुसरं असं झालं तर तो कोणाकडे बघणार? तिच्यासाठी वेगळा घ्या, एक तासाची कन्सल्टेशन फी द्या आणि जाताना सगळ्यांची आय-७९७ (मंजुरीची पत्रं), तिचे आय-९४ (अमेरिकेत आल्याच्या नोंदी), आय-१४० ची कॉपी घेऊन जा. आय-१४० ची कॉपी कंपनी देत नाही कधीकधी, नवऱ्याला आत्ताच एचआरला मेल टाकायला सांगा. आणि मुलीलाही सोबत न्या, तिला स्वतःला प्रश्न विचारू द्या.